हिरवी पट्टी

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला आणि सिस्टरने तोंड फिरवलं.

लाँड्रीतल्या आगीत भाजून दगावलेल्या बाईच्या खांद्यावर हिरवट पू साचला होता. त्याला सडलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. जंतूंची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. त्यांनी चिमट्याने पू उचलून काचेवर घेतला.

"गेल्या आठवड्यात जखम छान भरत होती," सिस्टर म्हणाली. "घशातली नळी काढणार होतो. बोलू लागल्या असत्या."

"आणि मग?"

"एका सकाळी पट्टी वरून ओली दिसली. मला वाटलं सलाईन सांडलं. मी बदलली. पण लगेच ताप चढला. औषधं दिली, रक्तातले जंतूही कमी झाले. तरी गेल्याच."

वॉर्डात बाकी कुणाची जखम चिघळली नव्हती. नळाचं पाणी, मलम, सिस्टरचे हात, सगळं तपासलं. स्वच्छ.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पुवात एक हिरवा धागा दिसला. फुलाच्या देठाचा.

"वॉर्डात फुलं कशी आली?"

"धाकट्या बहिणीचा नवरा आणायचा. मी चांगलंच झापलं होतं. म्हटलं, फुलदाणीच्या पाण्यात जंतू असतात, भाजलेल्या माणसाला ते जीवघेणे. बिचारा ओशाळला. फुलदाणी बाहेर खिडकीत नेऊन ठेवली."

फुलदाणी अजून तिथेच होती. फुलं ताजी, टवटवीत. पाणी मात्र शेवाळी, चिकट. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि झटकन मान मागे घेतली. तोच गोडसर वास.

त्या पाण्याची तपासणी झाल्यावर फौजदारांनी धाकट्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं. लाँड्रीतल्या आगीचा तपास त्यांच्याकडेच होता.

"आत कोण जायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी काचेतूनच बघायचे," धाकटी म्हणाली. "मला खोकला होता. आत फक्त हे जायचे, गाऊन घालून ताईजवळ बसायचे."

"फुलं रोज बदलायचात ना?" डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या.

"रोज. ताईंना आवडायची."

"मग पाणी का नाही बदललंत?"

तो हसला. "विसरलो असेन. एवढ्याशा पाण्याने माणूस मरतं होय?"

"मरतं. हा जंतू धडधाकट कातडीचं सहसा काही बिघडवत नाही. भाजलेल्या मांसावर त्याचं फावतं. तो विष सोडतो. ते विष पेशीत शिरतं आणि तिचं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. पेशी मरतात, मांस सडतं, आणि त्यावर जंतू आणखी पोसतात. विष रक्तातून यकृतापर्यंत पोचलं की जंतू मारूनही उपयोग होईलच असं नाही. ताईंचं तेच झालं. तुमच्या फुलदाणीतला जंतू आणि जखमेतला जंतू एकच निघाला."

"हवेतून गेला असेल."

"देठाचा धागासुद्धा? पट्टी उचलून तुम्ही ते पाणी आत ओतलंत. सिस्टरने तुम्हाला सावध केलं, आणि तुम्ही त्यातून हत्यार शोधलंत. कुणी फुलदाणी उचलून पाणी फेकून देऊ नये म्हणून फुलं बदलत राहिलात."

"ताईंना मारून मला काय मिळणार?"

"नळी निघाली असती तर त्या बोलल्या असत्या," फौजदार म्हणाले. "आगीबद्दल."

त्याने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. धाकटी त्याच्याकडे बघतही नव्हती.

"ताईला फार दुखलं का हो?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलवेना. "हो."

धाकटीने खुर्ची नवऱ्यापासून दूर ओढली.

"साहेब, हे मला मारतात म्हणून ताई मला घेऊन जाणार होती. आगीच्या दिवशी ताई आत असताना लाँड्रीतल्या बॉयलरच्या खोलीला बाहेरून कडी यांनीच लावली. मी पाहिलंय. भीतीपोटी गप्प बसले. आता नाही बसणार."