घोड्याचा डोळा आणि फुगलेला इंडेक्स

"थांबा! पाय खाली टेकवू नका!"

आवाज टेबलाखालून आला आणि ती एका पायावर तशीच थबकली. खेळण्यांच्या वाचनालयात ती नुकती कुठे शिरत होती. टेबलाखालून आधी विस्कटलेले केस बाहेर आले, मग हसरा चेहरा.

"घोड्याचा डोळा आहे तुमच्या चपलेखाली."

"सुटा डोळा, असा जमिनीवर? एखाद्या पोराच्या घशात गेला असता म्हणजे?"

"म्हणूनच तर रांगतोय." त्याने डोळा उचलून शर्टाला पुसला. "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना? मी इथला दुरुस्तीवाला. पोरं मला डॉक्टर म्हणतात."

मुलं इथून खेळणी घरी नेत, खेळून परत आणत. वाचनालय चालवणारी बाई त्याची सख्खी मावशी, म्हणून मग सगळ्यांचीच मावशी. तिने लगेच गाऱ्हाणं मांडलं, "अगं, मशीन म्हणतं जागा संपली. नवी बाहुली नोंदवूनच घेत नाही! खेळणी मेली मूठभर, जागा संपते कशी?"

कॉम्प्युटरवालीने पाहिलं. डेटाबेसमध्ये प्रत्येक खेळण्याचं एक डॉक्युमेंट होतं. त्यात नाव, फडताळाचा क्रमांक आणि डॉक्टरांनी हौसेने लिहिलेलं वर्णन. ती सगळी मिळून चिमूटभर. पण ती शोधता यावीत म्हणून मशीनने केलेला इंडेक्स, म्हणजे शब्दांची यादी, मात्र अवाढव्य. नाकापेक्षा मोती जड!

"कुणीतरी प्रत्येक शब्दाचा तुकडान् तुकडा टिपायला सांगितलाय," ती म्हणाली. "'लाकडी' लिहिलं की 'लाक' वेगळं, 'कडी' वेगळं... तुमची वर्णनं काढली की आटोपलं."

त्याचं हसू मावळलं. "काढा. नाहीतरी लिहायची खाज माझीच."

"अहो, पुसत नाहीये! खेळणं उघडलं की वर्णन दिसेलच. फक्त शोधात येणार नाही."

"मग सापडणार कसं? पोरं नाव सांगतात थोडंच... 'तो शिंकणारा हत्ती द्या' म्हणतात. आणि शिंक वर्णनातच आहे, बाईसाहेब."

त्याने तिला बरोबर पकडलं होतं. आणि ते तिला आवडलं, हे जरा विचित्रच.

दुसऱ्या दिवसापासून ती काउंटरशी बसून लोक काय काय शोधतात ते पाहू लागली, आणि एकेक वर्णन वाचू लागली. समोर तो, मांडीवर घोडा, हातात सुई. 'अस्वल. उजवा कान मी शिवलाय, त्यामुळे कमी ऐकू येतं. गुपित डाव्या कानात सांगावं.' तिला खुदकन हसू फुटलं.

"काय झालं?"

"काही नाही... काम करतेय."

"आमच्याकडे नाही बुवा असं काम!"

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खेळण्याचा डोळा अन् डोळा, बटण अन् बटण तो ओढून पाही. पुन्हा एकदा ओढून पाही. मगच मुलाच्या हाती देई. ती मशीनच्या पडद्याआडून बघत राही—बोटं कीबोर्डवर, लक्ष भलतीकडेच.

"तुमचं खरं होतं," शेवटी ती म्हणाली. "वर्णनातले शब्द लागतात, पण अख्खे. तुकडे ठेवू फक्त नावांचे, तेही सुरुवातीपासूनचे. फडताळाचा क्रमांक तर कुणी शोधतच नाही. पण जुना ठेवून नवा इंडेक्स बांधायला जागा नाही. आधी जुना पाडायचा. नवा होईपर्यंत शोध बंद."

आणि मशीनने मान टाकली ती नेमकी सुट्टीच्या दिवशी; जुना इंडेक्स त्याच दिवशी पाडणं भाग पडलं.

"आज? अगं, पोरं डोक्यावर बसतील!" मावशीने कपाळाला हात लावला.

बसलीच. कुणाला हत्ती, कुणाला बोट, कुणाला 'ते हिरवं'! एक चिमुरडी काउंटरला लोंबकळून म्हणाली, "मला खोकणारी गाडी!"

"आगगाडी. चढावर खोकते. थांबा, येईल," ती झटकन डॉक्टरांचं वर्णन जसंच्या तसं म्हणाली आणि खालच्या फडताळातून गाडी काढून तिने चिमुरडीपुढे ठेवली.

तो बघतच राहिला. "पाठ आहे तुम्हाला?"

"काय ठेवायचं ते ठरवायला... वाचावं लागलं."

"सगळं?"

"दोनदा." तिचे कान तापले.

संध्याकाळी नवा इंडेक्स तयार झाला—आटोपशीर, गुणी बाळासारखा. मावशीने बाहुली नोंदवली, 'शिंक' लिहिताच हत्ती आला, आणि मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुन्हा नाही ना गं फुगणार?"

"नाही, मावशी. आता मला पुन्हा यावंच लागणार नाही."

बोलून गेली, आणि मग आपलंच वाक्य तिच्या कानावर पडलं. असं कसं आपण सगळं नीट करून बसलो?

मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. "मी चहा टाकते," ती म्हणाली. "सावकाश टाकते."

तिने बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात टेबलावरच्या घोड्याकडे लक्ष गेलं. एक डोळा जागेवर. दुसरा अजूनही बशीत.

"हे काय? एक डोळा लावायला इतके दिवस?"

"लावायचो की." तो खाली बघत म्हणाला. "संध्याकाळी तुम्ही गेलात की उसवायचो. घोडा बरा झाला असता, तर मला इथं समोर बसायला... कारण काय होतं?"

तिला हसूच अनावर झालं. "आणि मी वेडी, भराभर काम उरकत होते!"

"हो ना. थोडं वाईट करता आलं नसतं?"

त्याने सुई पुढे केली. दोरा ओवताना ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्याने हात धरला आणि दोरा ओवून झाल्यावरही सोडला नाही. दोघांनी मिळून डोळा लावला. तिने ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढून पाहिला. घट्ट.

"उद्या येशील?" त्याने विचारलं. 'तुम्ही' कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही.

"उद्या माझं काहीच काम नाही इथं."

"म्हणूनच विचारतोय."

तिने बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली. "मावशी," तिने आत हाक मारली, "चहा आणखी सावकाश टाका!"