ट्रेलरवरचा सिलिंडर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी, मी वाद घालणार नाही.

माझ्याच घरात घडली. जयपूर, जवाहर नगर. गेल्या वर्षीचा मे महिना.

आणि रात्रीची नाही... भर दुपारची.

मी हर्षाली. माहेर साताऱ्याचं. लग्न करून इथे आले ती विनयची दुसरी बायको म्हणून. पहिली हिमानी, नागपूरची. आजारपणात गेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. फोटोत ती छान दिसते, हेही सांगून टाकते.

विनय इथल्या एका कॉलेजात शिकवतो. वडील फौजेत होते, त्यामुळे तो इथेच वाढला आणि त्याचं मराठी निम्मं हिंदी. त्याला एकच वेड, जीपचं. वाळू, डोंगर, कोरडी नदी... जिथे रस्ता संपतो तिथे याला जायचं असतं. जीपमागे जोडायला त्याने एक छोटा ट्रेलर बनवून घेतला होता. मागचं दार उघडलं की एक खण बाहेर येतो. त्यात शेगडी, भांडी, सगळं. चालतंफिरतं स्वयंपाकघरच.

तो ट्रेलर हिमानीच्या वेळचा.

ती गेल्यापासून मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली पडून होता. मीच म्हटलं, बाहेर काढू. सांभरला, मिठाच्या सरोवरावर जाऊ, दोघंच. खरं कारण वेगळं होतं. मला त्या ट्रेलरवरून तिचं नाव पुसायचं होतं.

अडचण फक्त गॅसची होती. आधी ते दोघं छोटा सिलिंडर जीपमध्येच मागे टाकून न्यायचे. मला ते पटेना. मी म्हटलं, सिलिंडर गाडीच्या आत नको. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसवू, बाहेर, उभा, पट्ट्याने आवळून.

खातीपुऱ्याला रामावतारजींचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी दांड्यावर लोखंडी स्टँड बसवलं, पट्टा लावला, पट्ट्याला कुलूप दिलं आणि पाइप खालून शेगडीपर्यंत नेला.

"भाभीजी, जगह बढ़िया चुनी आपने," ते म्हणाले.

मी खूश झाले. तेवढ्यात विनय हळूच म्हणाला, "हिमानीपण हीच जागा सांगायची. मतलब... राहूनच गेलं तिचं."

तोंड उघडलं ते हे सांगायला.

"बरं झालं," मी म्हटलं. "तिची राहिलेली कामं उरकायलाच आणलंयस मला."

कुलपाची किल्ली मी माझ्या जुडग्यात अडकवली. जुनी शेगडी घासून नवी केली, पण पेटवायची नाही असं ठरवलं. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालतात, ते मी सांभरला घालणार होते. माझ्या हातानं. त्या चुलीवर पहिला हक्क माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटत होते.

मागच्या अंगणातून आवाज आला.

टक... टक... टक...

गॅस लायटरचा.

मी लाटणं तसंच घेऊन बाहेर गेले. शेडखाली कोणी नव्हतं. ट्रेलरचं दार बंद. सिलिंडर जागेवर, नॉब बंद, कुलूप जसंच्या तसं.

आणि सिलिंडरवर... ओल्या हाताचा ठसा.

बारीक, लांब बोटं. बाईची.

मे महिन्यात जयपूरला पिळून टाकलेलं धुणं बघता बघता वाळतं. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते.

तो ठसा वाळेना.

संध्याकाळी विनयला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"हिमानी तसंच बघायची," तो म्हणाला. "गॅस किती राहिलाय ते. ओला हात फिरवायचा. रिकामा भाग लगेच सुकतो. जिथवर गॅस आहे, तिथवर ओलं राहतं."

"आणि हे मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे?"

मला वाटलं, हाच माझी गंमत करतोय. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं असावं असं मी मनाशी घोकत राहिले.

पण रोज दुपारी तो आवाज यायचा. रोज ठसा दिसायचा.

आणि रोज तो थोडा खाली सरकलेला असायचा...

शेगडी मी एकदाही पेटवली नव्हती. गळती असेल म्हणून साबणाचा फेस करून नॉबला, पाइपला, सगळीकडे लावला. एक बुडबुडा आला नाही. गॅसचा वाससुद्धा नाही. पण पट्टा सोडून सिलिंडर उचलून पाहिला, तर हलका झालेला.

मग मी मागचं दार उघडलं. खण बाहेर ओढला.

शेगडीवर दूध उतू गेलेलं होतं... बर्नरभोवती करपून चिकटलेलं.

भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं दूध माझं होतं. जागा मी शोधली, कुलूप मी लावलं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. लोक हेच माझ्याबद्दल म्हणत असतील, ते मला ठाऊक आहे.

मी शेगडी घासून घासून लख्ख केली.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

विनय दुपारी जेवायला घरी येतो. मी ताट वाढून ठेवते. हल्ली तो गाडी लावून आधी मागे जायचा. बऱ्याच वेळाने आत यायचा. ताटाकडे बघायचा.

"भूक नाही गं."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही. पण पोट भरलंय."

असे सलग कितीतरी दिवस. माझी भाजी, माझी आमटी, सगळं रात्रीपर्यंत तसंच. आणि हा सुकला असेल म्हणता? उलट गालांवर तकाकी आली होती. शर्टाची बटणं ताणली होती.

एकदा तो हात धुवायला बेसिनकडे निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला.

हिंगाची फोडणी... वडाभातावर ओततात तशी. मी वडाभात करत नाही. नागपूरची माणसं करतात.

त्या रात्री मी पडून रडले. भुतानं घाबरवलं म्हणून नाही. मला त्याच्यासाठी कधी इतकं रांधताच आलं नाही म्हणून.

सकाळी तो कॉलेजला गेल्यावर मी कुलूप काढलं. पट्टा सोडला. सिलिंडर उचलून स्कूटरवर ठेवला आणि गॅसच्या दुकानात परत देऊन आले. स्टँड रिकामं. आता बघू काय करते ती.

दुपारी आवाज आला नाही.

विनय आला. मागे गेला. मी खिडकीतून बघत होते. तो ट्रेलरच्या मागच्या दाराशी, खाली जमिनीवर मांडी घालून बसला. पुढे काहीच नव्हतं. तरी तो बसून राहिला. मधेच मान डोलावत होता... कोणी काही सांगत असल्यासारखी.

मग आत आला. मी ताट वाढलेलं होतं.

त्याने ताट बाजूला सारलं. रागावला नव्हता. तेच जास्त लागलं.

"असं नको करूस, हर्षाली," तो म्हणाला. "तिलाही आज उपाशी राहावं लागलं."

त्या दिवशी तो काही जेवला नाही. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी हात जोडले, शपथा घातल्या, घास भरवायला गेले. तोंड मिटून बसला. डोळे खोल गेले त्याचे.

शेवटी मीच दुकानात गेले. सिलिंडर आणला. स्टँडवर उभा केला. पट्टा आवळला. कुलूप मात्र लावलं नाही.

टक... टक... टक...

दुपारी तो हसत आत आला. हाताला हिंगाचा वास.

आज वर्ष झालं. सांभरला आम्ही गेलो नाही. सिलिंडर संपत आला की मीच बदलून आणते. कधी संपतो ते मला ठशावरून कळतं. सवतीच्या चुलीला गॅस पुरवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघा.

यावर कोण काय करणार? विनय सुखात आहे. माझ्याशी नीट वागतो. रात्री माझ्या हातचं थोडं खातोही, मन राखायला.

पण परवा झोपायच्या आधी तो म्हणाला, "हिमानी विचारत होती. मतलब, तू एकदा ये ना जेवायला. बोलावलंय तिने."

मी अजून गेलेले नाही.

पण आज दुपारी पोळ्या लाटता लाटता तो वास आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं... मला बघायचंय. एकदाच चाखून बघायचंय, ती असं काय घालते त्यात, जे माझ्या हाताला येत नाही.