काढलेला थर्मोस्टॅट

डॉक्टरची आणि माझी पहिली भेट झाली ती वाफेत. भर दुपारी एक जुनी गाडी धापा टाकत आमच्या गॅरेजसमोर थांबली आणि वाफेआडून एक घामाघूम चेहरा हसला.

"मी गुरांचा डॉक्टर. पण हिचा ताप काही कळत नाही!"

बाबांनी पेपरमागूनच फर्मावलं, "थर्मोस्टॅट काढून टाक गं. उन्हाळ्यात काय करायचाय?"

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटीशी झडप. बाबा दर उन्हाळ्यात ती काढत आलेले. मीही काढली.

त्यानंतर डॉक्टर दर दोन दिवसांनी पाणी भरायला यायचा. पाणी पाच मिनिटं, गप्पा तासभर... मी वाट बघायला लागले होते.

आणि काल त्याची गाडी दोरानं ओढत आणली. घाटात उकळली होती. मी गाडीचं पुस्तक उघडलं आणि पायाखालची जमीनच सरकली. या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातच नाही, आडवाटेनं परत इंजिनातच फिरतं. तापून हेड, म्हणजे इंजिनावरचं धातूचं झाकण, वाकलं असेल तर इंजिन गेलं. आणि डॉक्टरही.

"चूक माझी आहे," मी सांगून टाकलं. "पुस्तक न बघता काढला."

तो बाह्या सारून टॉर्च धरून उभा राहिला.

हेड उघडलं. त्यावर पोलादी पट्टी टेकवली. खालून कुठेच उजेड येत नव्हता. सरळ होतं! माझा जीव भांड्यात पडला, आणि मी चक्क रडले.

"तापमानाचा काटा चढताच गाडी बंद केली," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत ना..."

आज नवा थर्मोस्टॅट बसवला. काटा मधोमध, पण डॉक्टरचा चेहरा पडलेला.

"म्हणजे... आता तापणार नाही?"

"नाही."

"मग मी कुठल्या निमित्तानं येऊ?"

मी कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिले.

"निमित्त कशाला? मला आवडता तुम्ही – नुसतेच या."

बाबांचा पेपर खाली आला. "अहो डॉक्टर, इतके दिवस भरलेल्या टाकीत पाणी भरायला येत होतात, तेव्हा बरं सुचत होतं निमित्त!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला.

"उद्या चालत येतो," तो म्हणाला.

"एवढ्या उन्हात?"

"एवढ्या उन्हात."