कन्नडची हाळी

सांडूनं आयुष्यभर दुसऱ्याच्या जीपा चालवल्या. कन्नड ते शहर, काळी-पिवळी, आत माणसं कोंबलेली आणि मागं दोघं-तिघं लटकलेली. त्यामुळं चिकलठाण्याच्या शोरूममधून स्वतःची कोरी करकरीत सात सीटची गाडी बाहेर काढली तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. गाडी मात्र धंद्यासाठी घेतली नव्हती. त्याची माय, गोजरबाई, हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहरात आणावं लागे. एसटीच्या धक्क्यांनी म्हातारी अर्धी होऊन जाई. मागं एकदा वेळेत पोचता आलं नाही, तिच्या छातीत पाणी झालं आणि ती मरता मरता वाचली. ती पाळी परत येऊ द्यायची नाही, एवढ्या एकाच हट्टापायी ही गाडी आली होती.

जीपवाल्यांचा एक रिवाज होता. नवी गाडी रिकामी घरी न्यायची नाही. अड्ड्यावर हाळी द्यायची, येईल त्याला फुकट बसवायचं आणि ज्या गावाचं नाव घेतलं तिथं नेऊन उतरवायचं. सांडूनं रिवाज पाळला. छावणीच्या पुढं कन्नडच्या जीपा लागायच्या, त्या जागी आता कुणीच थांबत नाही. गंजलेलं पत्र्याचं शेड, लिंबाची विरळ सावली, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता. त्यानं सगळी दारं उघडली आणि जुन्या सवयीनं ओरडला, "चला कन्नड, कन्नड, कन्नड! बसून घ्या, लगेच निघायचं!"

कुणी आलं नाही. थोडा वेळ वाट पाहून तो स्वतःशीच हसला, दारं लावली आणि निघाला. कन्नडच्या अलीकडं, हतनूरजवळच्या आपल्या गावाला तो वळला. भूक लागली होती, घरी माणसं वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून गाडीनं रडायला सुरुवात केली. सांडू पट्टा लावून एकटाच बसलेला असायचा, तरी टुंग टुंग थांबायचं नाही. समोरच्या पडद्यावर सीटांची चित्रं होती. ज्या सीटवर माणूस असून त्यानं पट्टा लावलेला नसेल, ती लाल व्हायची. सांडूच्या पडद्यावर मागच्या सगळ्या सीटा लाल होत्या. चढावर गाडी पहिल्या गिअरशिवाय सरकत नव्हती. मागून पाहिली तर लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेल्या जीपसारखी ती खाली बसलेली.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी संगणक लावला आणि गाडीत दोष नाही असं सांगितलं. सांडूनं भांडण काढलं तेव्हा सीटांचे सेन्सर बदलून दिले, मागच्या स्प्रिंगाही बदलल्या. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत पुन्हा टुंग टुंग सुरू. सांडूनं पुन्हा गाडी नेली, पुन्हा भांडला, पुन्हा तीच उत्तरं ऐकली. शेवटी त्यानं हात टेकले आणि पडेगावात गयासचं गॅरेज गाठलं. गयास जीपच्या दिवसांपासूनचा दोस्त. हसत हसत तो मागच्या दारातून आत वाकला, सीटखालची वायर शोधायला. मग त्याचं हसणं थांबलं.

"सांडूभाई, सीट गरम है."

"उनानं तापली असंल."

गाडी सकाळपासून शेडमध्ये उभी होती. दोघांनाही ते माहीत होतं. गयासनं हळूच हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"मेरेसे नै होता, भाई. तू ले जा इसको."

गोजरबाईची मात्र गाडीबद्दल तक्रार नव्हती. ती मागं खिडकीशी बसायची. पट्ट्यानं जीव घाबरा होतो म्हणून तो लावायची नाही, त्यामुळं तिची सीट लाल दिसायची ते बरोबरच होतं. पण शेजारी एवढी जागा असून ती अंग चोरून, पिशवी मांडीवर धरून बसायची.

"माय, ऐसपैस बस की."

"जागा कुठंय रं?" ती म्हणायची.

डॉक्टर म्हणाले होते, रक्तात घाण साठली की माणूस भ्रमतं. सांडूनं तेवढंच मनाशी घट्ट धरलं होतं. दुसरं काही धरायची त्याची हिंमत नव्हती.

त्या दिवशी सकाळी गोजरबाईचा चेहरा सुजलेला होता. पाच-सहा शब्द बोलली की दम लागत होता. वेरूळपर्यंत गाडी कशीबशी आली. घाटाच्या पहिल्याच वळणावर इंजिन घुरघुरलं आणि बंद पडलं. सांडूनं पुन्हा पुन्हा चावी फिरवली. गाडी चालू व्हायची, पुढं मात्र जायची नाही. उलट हळूहळू मागंच घसरायची. बाजूनं एसटी, उसाचे ट्रॅक्टर सगळे वर जात होते. त्यानं हात केला, कुणी थांबलं नाही. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"सांडू," मागून माय म्हणाली. "ही बाई इचारती, कन्नड कवा येणार?"



"कोण बाई?"

"हीच की. तूच बलावलं म्हणं यान्ला. लई दिस झाले बसून." ती दम खायला थांबली. "आदी यान्ला सोड, बाबा. मंग जाऊ आपण."

सांडूनं आरशात पाहिलं नाही. त्यानं गाडी वळवली. कन्नडच्या दिशेला तोंड होताच ती सुसाट सुटली.

दवाखाना पाठीमागं लांब लांब जात होता. मागं मायचा श्वास वाजत होता. ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, हसलीसुद्धा.

कन्नडच्या स्टँडबाहेर त्यानं गाडी लावली. सगळी दारं उघडली. येणारेजाणारे बघत होते. त्यानं लाज सोडली.

"कन्नड आलं! उतरून घ्या!"

काही दिसलं नाही. फक्त गाडीची मागची बाजू थोडी वर आली. मग आणखी थोडी. मग आणखी.

ती हलायची थांबली तेव्हा त्यानं दारं लावली, धावत जाऊन बसला, पट्टा ओढला, चावी फिरवली.

टुंग टुंग नाही. इंजिन कसं मऊ चालत होतं. पडद्यावर एकही सीट लाल नव्हती. सांडूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी गाडी दुरुस्त झाली होती.

"माय, गेले सगळे," तो वळून म्हणाला. "आता तरी ऐसपैस बस."

गोजरबाई खिडकीशी तशीच बसून होती. अंग चोरून, पिशवी मांडीवर धरून, पट्टा न लावता.