रंगाखालचं लोखंड

रेबेकाने डावीकडे वळायला इंडिकेटर दाबला आणि गाडीचा जीवच गेला. दिवा गेला, हॉर्न गेला, इंजिन एक उचकी देऊन गप्प झालं. मागून उसाचा ट्रक, त्याच्यामागे दुधाचा टँकर. दोघांनीही असे हॉर्न दिले, जणू ही बाई नाशिक-पुणे रस्त्यावर फोटो काढायला थांबली आहे. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ते इटालियन मोटरसायकलचं धूड एकटीने ढकलत कडेला आणलं, स्टँडवर चढवलं आणि टाकीवर सणसणीत चापट मारली. मग लगेच त्याच जागी हात फिरवला.

"मारू नका तिला," वरून आवाज आला.

दूध संघाच्या भिंतीला शिडी लावून एक पेंटर उभा होता. कपाळावर निळा ठिपका, कानामागे पेन्सिल. भिंतीवर 'स्वच्छ दूध, सशक्त' इथपर्यंत झालं होतं. पिढी अजून डब्यातच होती.

"तुमची कोण लागते?" रेबेकाने विचारलं.

"रंग माझा आहे," तो म्हणाला. आणि शिडीवरून उतरायला लागला.

तेव्हा तिला उलगडा झाला. गाडी तिच्या वडिलांची, मिशन शाळेतल्या कृपादान मास्तरांची. इटलीहून आलेले एक फादर ती इथल्या खडकाळ रस्त्यांवर फिरवायचे. म्हातारपणी मायदेशी परतताना त्यांनी ती मास्तरांना दिली. मास्तर गेले, गाडी दोन वर्षं पडवीत धूळ खात उभी राहिली. रेबेका नाशिकची नोकरी सोडून संगमनेरला दूध संघाच्या शीतगृहात इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू होणार म्हटल्यावर आईने, ग्लोरियाबाईंनी, हौसेने गाडी टेम्पोत घालून रंगवायला पाठवली होती. हा तो पेंटर. माधव.

रंग मात्र खरंच सुंदर होता. पिकलेल्या डाळिंबाचा. ऊन पडलं की आतून पेटल्यासारखा दिसायचा. हे त्याला सांगायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"रंगाने गाडी चालत नाही," ती म्हणाली.

"चापटीनेही चालत नाही," तो म्हणाला, आणि मागून ढकलायला लागला.

मिशन कंपाउंडमधल्या तिच्या घरापर्यंत चढ आहे. चढ संपला तेव्हा दोघांनाही दम लागला होता, आणि तिच्या बाहीवर त्याच्या बोटांचा निळा ठसा उमटला होता. त्याने तो पाहिला. तिनेही पाहिला.

गाडी ढकलत आणलेली ग्लोरियाबाईंनी दारातून बघितली आणि ती देऊन टाकायचा त्यांचा निश्चय पक्का झाला. हायवेवर काकासाहेबांचं हॉटेल आहे. त्यांना ही गाडी दारात चौथरा बांधून, वर दिवे सोडून ठेवायची होती. लोक थांबतील, सेल्फी काढतील, मग जेवतील. काकासाहेब कधीपासून मागे लागले होते. आईने त्याच संध्याकाळी फोन केला आणि रेबेकाला सांगून टाकलं: रविवारी चर्च सुटल्यावर टेम्पो येईल. तोवर गाडी नीट झाली तर आपली, नाही तर त्यांची. ट्रकांच्या मधोमध पोरगी उभी बघायची माझ्यात ताकद नाही.

आईचं भय खोटं नव्हतं. म्हणून रेबेका भांडली नाही. ती पाने-पक्कड घेऊन पडवीत बसली.

आपल्याकडे एक रीत आहे. बाईने मोटरसायकल चालवली की लोक बघतात. ती खोलायला बसली की मात्र त्यांना बघणं पुरत नाही, सल्ला द्यायला आत येतात. त्या आठवड्यात जो आला त्याने एकच सांगितलं: सगळं वायरिंग काढून फेक. पुंजाराम मेकॅनिक तर म्हणाला, "ताई, इटलीची गाडी हाय, तिला इटलीचीच हवा लागती." रेबेकाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. जे समजत नाही ते काढून फेका, हा सल्ला तिने आयुष्यात बऱ्याच बाबतीत ऐकला होता. तिला त्याची चीड होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. गाडी काहीतरी सांगते आहे, ते ऐकू. इंडिकेटर दाबला की हेडलाइट मिणमिणतो. ब्रेक दाबला की हॉर्न खोकतो. स्टार्टर दाबला की नुसतं टक् होतं आणि सगळे दिवे डोळे मिटतात. दहा मिनिटांनी तीच गाडी शहाण्यासारखी चालू होते. बॅटरी नवी, फ्यूज नवे. मग दुखतंय कुठे?

माधव रोज काम संपवून यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, ब्रश विसरलो. दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. साखर कारखान्याकडून मळीचा वास यायचा, त्यात त्याच्या शर्टाचा थिनरचा वास मिसळायचा, आणि रेबेकाला हल्ली त्या दोन वासांनी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. वायरींचे मूळ रंग उडून सगळ्या सारख्याच राखाडी झाल्या होत्या. ती एकेक वायर शोधायची, तो पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून ती पट्टी वायरीला गुंडाळायचा. 'हॉर्न' सुद्धा असा लिहायचा की लग्नपत्रिकेवर शोभावा.

"अक्षर कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"मास्तरांनी. माझा 'क्ष' त्यांनी पाचवीत हात धरून वळवला."

रेबेकाने हातातला पाना खाली ठेवला.

गाडी कुणाची आहे हे कळलं म्हणूनच जीव ओतला, असं त्याने सांगितलं. टाकी खाली उतरवून सांगाड्याला आतूनही रंग दिला. कोनाकोपऱ्यात, बोल्टांच्या बुडाशी, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा तीन-तीन हात. झाकलेल्या जागी हात आखडता घ्यायचा नाही, हेही मास्तरांनीच शिकवलेलं. हे सांगताना त्याचे डोळे टाकीवर होते आणि रेबेकाचे त्याच्यावर.

"मीटर नीट धर," वीज मोजायचं यंत्र त्याच्या हातात देत ती एकदम म्हणाली.

"मीटरला 'अरे-तुरे' करता, की मला?"

"जो हलतोय त्याला."

"मग मलाच," तो म्हणाला. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं. कुणी काढलं नाही, आपलं आपण गेलं.

शुक्रवारी त्याचा फोन वाजला. वडिलांचा. माधवचं घर पूजा सांगणाऱ्यांचं; वडील अजून गावभर सत्यनारायण सांगत फिरतात. माधव उठून बाजूला गेला, पण पडवी केवढी असते? रेबेकाने ऐकलं. मिशन शाळेच्या बोर्डाचं काम चालू आहे, अजून दोन-तीन दिवस जातील, असं तो सांगत होता.

तो परत येऊन बसला. तिने मीटर बंद केला.

"मी बोर्ड आहे का?"

तो गडबडला. तसं नाही… घरी एकदम कसं… वेळ बघून सांगणारच आहे. ती ऐकत राहिली. हे गाव तिला पाठ होतं. शाळेत एका बाकावर बसलेलं चालतं, एका किटलीतला चहा चालतो, निवडणुकीला मतंही चालतात. उंबरा आला की सगळ्यांच्याच पायात गोळे येतात. तिला राग उंबऱ्याचा नव्हता. तो तिच्याइतकाच जुना, त्याची तिला सवय होती. राग या माणसाचा होता, जो 'क्ष' इतका न घाबरता लिहायचा आणि एक नाव घ्यायला घाबरायचा.

"उद्या ये किंवा येऊ नको," ती म्हणाली. "गाडी मी चालू करणारच आहे."

शनिवारी तो आला. गुपचूप बसला. रेबेकाही कामापुरतंच बोलत होती. आतापर्यंत तिने बॅटरीतून वीज निघते कशी, तेच तपासलं होतं. रात्रभर डोक्यात एक गोष्ट घोळत होती: निघालेली वीज परतही यावी लागते. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, गाडीचं लोखंडच परतीचा रस्ता असतं. तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला आणि दुसरं इंजिनावर टेकवलं. माधवला स्टार्टर दाबायला सांगितलं. टक्. जिथे काट्याने हलायलाच नको होतं, तिथे तो ताडकन उठला. म्हणजे परतीच्या वाटेतच कुठेतरी अडथळा होता.

एक जाड वायर घेऊन तिने बॅटरीचं काळं टोक सरळ इंजिनाला जोडलं.

"दाब."

गाडी गरजली. पडवीची कौलं थरथरली, आतून ग्लोरियाबाई धावत आल्या, माधव हसत सुटला. रेबेकाने वायर काढली, टक्. लावली, गरजली. ती हसली नाही. तिने टाकी उतरवली, बॅटरीचं काळं टोक सांगाड्याला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट खोलला, वॉशर बाजूला केलं. खाली डाळिंबी रंग. गुळगुळीत, काचेसारखा, तीन हात. बोल्टाच्या आट्यांनी कुठेतरी रंग चिरला होता, तेवढ्यावर गाडी आजवर जगत-मरत होती.

"रंगातून वीज जात नाही," ती हळूच म्हणाली.

माधवने त्या रंगावरून बोट फिरवलं. म्हणाला, "मग ती जाड वायरच राहू दे की. रंग वाचेल."

"हेडलाइटच्या खाली रंग आहे, इंजिनाच्या बुडाशी आहे. किती वायरी लोंबकळत ठेवू? ही जुगाडाची वायर आहे माधव, तुझ्या बोर्डासारखी. घरापर्यंत नेईल. पुढे नेणार नाही." ती थांबली. "जिथे जोड आहे तिथे मधे काही नको. उघडं लोखंड हवं. तू खरवडतोस, की मी खरवडू?"

तो उठला. चप्पल घातली. फाटकाबाहेर गेला.

गेला तर गेला, असं रेबेका स्वतःला म्हणाली. दोनदा म्हणाली. मग पॉलिश पेपर शोधायला लागली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते धुळीने आलं असंही ठरवून टाकलं.

रविवारी आई एकटीच चर्चला गेली, जाताना नाराजीने दार जरा जोरात ओढून. रेबेका पडवीत खाली बसली. पॉलिश पेपर रंगाला टेकवला आणि तिचा हात अडला. एवढं देखणं काम… ती डोळे मिटून पहिला घासा मारणार तोच फाटक वाजलं.

माधव होता. हातात त्याची रुंद पात्याची पट्टी, नव्याने धार लावलेली.

"धार लावणाऱ्याकडे गर्दी होती," तो म्हणाला. "बाजूला सरक. माझा रंग दुसऱ्याने ओरबाडलेला मला बघवणार नाही."

त्याने पट्टी टेकवली आणि ओढली. डाळिंबी साल निघाली तसं खालून पांढरंशुभ्र लोखंड चमकलं. त्याने दुसरी जागा केली, मग तिसरी. कपाळावर घाम, ओठ घट्ट आवळलेले. ती त्याच्या शेजारी टेकली आणि प्रत्येक उघड्या जागेवर वायर कसून, गंज धरू नये म्हणून वर व्हॅसलीन लावत गेली. खांदा खांद्याला लागत होता. दोघांपैकी कुणी सरकलं नाही.

टेम्पो आला तेव्हा टाकी चढत होती. काकासाहेब मांडीवर थाप मारत उतरले. मागोमाग ग्लोरियाबाई, हातात बायबल. रेबेकाने कुणाकडे पाहिलं नाही. हेडलाइट लावला, इंडिकेटर दाबला, ब्रेक दाबला. मग या सगळ्या दिव्यांचं ओझं बॅटरीवर असतानाच स्टार्टर दाबला.

गाडी एका दमात चालू झाली. दिव्याची पापणीसुद्धा लवली नाही.

"चालू झाली व्हय?" काकासाहेबांचं तोंड उतरलं. "अन् मी चौथरा बांधून बसलोय त्याचं काय?"

"तुम्ही उभे राहा," रेबेका म्हणाली. "लोक तुमच्याबरोबर फोटो काढतील."

आधी ग्लोरियाबाईंना हसू फुटलं. मग त्या गाडीजवळ आल्या, टाकीवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "जा. पण हळू."

माधव मागे बसला. प्रवरेचा पूल ओलांडला, बाजारपेठ गेली. वाऱ्यात तिच्या कानाशी तो काहीतरी म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने:

"डावीकडे. आमच्या घरी."

तिने इंडिकेटर दाबला. गाडी मुकाट वळली.

ओट्यावर माधवचे वडील पेपर वाचत बसले होते. माधव उतरला. रेबेकाने चावी फिरवून गाडी बंद केली. मुद्दामच. पळून जायची सोय ठेवायची नव्हती. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"बाबा," माधव म्हणाला. "ही रेबेका. कृपादान मास्तरांची. बोर्डाचं काम नव्हतंच. मी हिच्यासाठी जात होतो. पुढेही जाणार आहे."

म्हाताऱ्याने पेपर खाली केला. गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मुलाच्या नखांत अडकलेल्या डाळिंबी कचऱ्याकडे पाहिलं.

"आठवडाभर एक बोर्ड रंगवतोय म्हणजे बोर्ड तालुक्याएवढा असणार, हे मला कळत नव्हतं होय?" ते म्हणाले. मग पेपरची घडी घातली. "मला हे पटलंय असं समजू नका. पण उन्हात बोलणं नको. मुली, आत ये… गाडी बंद का केलीस? परत चालू होईल ना?"

रेबेका उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने मागे वळून डाळिंबी टाकीकडे पाहिलं, मग माधवकडे.

"होईल," ती म्हणाली. "आता मधे काही नाही."

आणि चपला काढून आत गेली.