फोन उघडणार नाही

सकाळी दहाच्या ठोक्याला प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर एक नोटीस आपटली.

इस्पितळातल्या एका कारकून ताईंना ती इस्पितळाच्या वकिलांकडून आली होती. ‘१२ तारखेला कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांना मुलाखत देऊन इस्पितळाची बदनामी केलीत. नोकरीवरून का काढू नये?’ ताई एवढंच बोलल्या होत्या, की वरचे लोक कर्मचाऱ्यांचे खासगी मेसेज चोरून वाचतात. खासगीपणाच्या हक्कावर प्रबंध लिहिणाऱ्या दोघांनी नाव गुप्त ठेवायचा शब्द देऊन त्यांना बोलतं केलं होतं. एक मुलगी, चष्मिश. दुसरा वकीलसाहेब, परीक्षेआधीच सगळा रुबाब वकिलाचा, म्हणून हे नाव.

“ताईंचं नाव आम्हा तिघांनाच ठाऊक,” सर म्हणाले. “वकीलसाहेबाने आपला फोन आपणहून उघडून दिला. चष्मिश देत नाही. दुपारी बारा वाजेपर्यंत चौकशी समितीसमोर उघडला नाही, तर तिला कॉलेजातून काढणार. तुमचं ऐकते ती, समजवा.”

कर नाही त्याला डर कशाला? बाईंच्याही मनात पाल चुकचुकली. पण सरांची घाईसुद्धा त्यांना खटकली.

चष्मिश आली. डोळे रडून लाल.

“फोन का उघडत नाहीस?”

“त्यात आणखी सात बायकांच्या मुलाखतींचे आवाज आहेत, बाई. समितीत पाच जण. एकाने जरी तोंड उघडलं, तर सातही जणींच्या घरी अशीच नोटीस जाईल.”

“ताईंची मुलाखत कधी झाली?”

“चौदा तारखेला, सरांच्या खोलीत. ठरली होती बाराची. ताईंनी संमतीपत्रावर सही केली आणि तेवढ्यात त्यांना कामावर बोलावणं आलं.”

“चौदाला तिथे कोण होतं?”

“मी आणि ताई. वकीलसाहेब दहा तारखेपासून स्पर्धेला परगावी होता. सर खोली देऊन इथे येऊन बसले होते.”

ते बाईंना आठवलं. सर तासभर पंख्याच्या नावाने बोटं मोडत होते. संध्याकाळी चष्मिशने संमतीपत्राचं बंद पाकीट बाईंच्या कपाटात ठेवलं होतं.

मग वकीलसाहेब आला, हसतमुख.

“सोळा तारखेला ते पाकीट तू नेलंस?”

“यादी करायची होती. अर्ध्या तासात परत दिलं की.”

“मुलाखत ऐकलीस?”

“तिने ऐकवलीच नाही. का, ते तिलाच विचारा.”

“नोकरी लागली म्हणे?”

“मोठ्या वकिलांकडे!” त्याची छाती फुगली.

तो गेल्यावर बाईंनी एक फोन लावला.

दुपारी बारा वाजता सगळे समितीसमोर जमले. बाईंनी पाकिटातला कागद काढला आणि ताईंच्या नावावर तळहात ठेवून बाकीचा भाग सरांना दाखवला.

“आवाज ऐकणाऱ्याने चुगली केली असती, तर नोटिशीत चौदा तारीख आणि एकच मुलगी आली असती. बारा तारीख आणि दोन विद्यार्थी फक्त या कागदावर आहेत. फुटला तो कागद, फोन नव्हे. तुम्हाला आणि चष्मिशला खरी तारीख ठाऊक होती. जो मुलाखतीला नव्हता, ज्याने ती ऐकली नाही आणि ज्याच्या हातात हा कागद अर्धा तास होता, असा एकच आहे.”

“हा नुसता अंदाज झाला,” वकीलसाहेब म्हणाला.

“नोटीस पाठवणाऱ्या वकिलांना मी फोन केला. तुझं नाव सांगून विचारलं, आमचा मुलगा कधी रुजू होणार? म्हणाले, एक तारखेला. अर्ध्या तासात झेरॉक्स काढलीस ना? म्हणून तर फोन बिनधास्त दिलास. पाकीट तुला मीच दिलं, याची लाज मला जन्मभर वाटेल.”

“मला वाटलं, नुसती समज देतील...” वकीलसाहेब म्हणाला.

सरांनी मान खाली घातली. “मुली, चुकलं माझं.”

“माझं राहू द्या, सर.” चष्मिशने टेबलावरचा फोन उचलून नंबर फिरवला आणि रिसीव्हर वकीलसाहेबापुढे धरला. “ताईंच्या घरी तीन पोरं आहेत. कुणी सांगितलं ते त्यांना कळायला हवं. बोल.”

“हॅलो? कोण?” पलीकडून ताईंचा घाबरलेला आवाज आला.

“मी...” तो म्हणाला.