छावणीच्या गोदामातला कडबा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. हे माझ्या चुलतभावाच्या, उत्तरेश्वरच्या बाबतीत घडलं.

आणि तेही रात्री नाही... दुपारी साडेचारला.

साल २०१३. दुष्काळाचा मे महिना. उमापूरच्या पोरांनी चकलांब्याकडच्या एका कोरड्या तलावात गाळ काढायला तीन दिवसांचं शिबिर लावलं होतं. अकरा पोरं, दोन तंबू. म्होरक्या उत्तरेश्वर.

दुसऱ्या दिवशी आभाळ एकदम काळं झालं. वारा असा सुटला की एक तंबू उडून बाभळीत अडकला, दुसऱ्याच्या चिंध्या झाल्या. मग गारा. लिंबाएवढ्या. धर्मराजचं कपाळ फुटलं.

माळावर आसरा एकच. सोसायटीचं पत्र्याचं गोदाम. एप्रिलपर्यंत तिथं जनावरांची छावणी होती. चारा संपला म्हणून चेअरमननं ती बंद केली होती.

दाराला कुलूप. वळचणीला राखणदार सटवा.

"उघड!" उत्तरेश्वर ओरडला.

"चेअरमनचा हुकूम न्हाई."

"पोराचं डोकं फुटलंय बे!"

"दादा, पाया पडतो. आत जाऊ नका..."

उत्तरेश्वरच्या डोक्यात सणक गेली. हातातली पहार कडीत घातली अन् एका हिसक्यात कुलूप उडवलं.

सटवा आत आला नाही. तसाच गारांत पळत सुटला.

पोरं आत शिरली, आणि...

गारांचा आवाज थांबला.

दारातून गारा पडताना दिसत होत्या. डोक्यावर पत्रा होता. आवाज मात्र नव्हता.

मग दुसराच आवाज आला.

कुर्रम... कुर्रम...

जनावर कडबा चघळत होतं. शेतकऱ्याच्या पोरांना तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही.

धर्मराजनं मोबाईलची बॅटरी लावली. पत्र्यापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या.

जनावर... एकही नाही.

"संपला म्हणला व्हता ना चेअरमन?" धर्मराज पुटपुटला.

छावणीत उत्तरेश्वर स्वयंसेवक होता. शेवटच्या दिवशी भिवराबाई नावाची म्हातारी गाभण गाय घेऊन फाटकाशी आली होती. त्यानंच तिला सांगितलं, "मावशी, चारा संपला." गोदामात चारा दडवल्याचा संशय त्याला तेव्हाच होता. पण चेअरमनला विचारायची छाती झाली नाही. म्हातारी उन्हात बसून राहिली. दिवस मावळताना गाय पडली. दुसऱ्या दिवशी म्हातारीही गेली.

चघळणं थांबलं.

उत्तरेश्वरच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. जनावराचा.

आणि कानाशी, अगदी हळू...

"आज दहा मिंटं गारा लागल्या तर कुलूप फोडलंस. तवा कावून न्हाई फोडलं?"

पोरं सांगतात, तो भ्याला नाही. तो पिसाळला. एकेक पेंढी उचलून बाहेर गारांत फेकत सुटला. "घे! खा! सगळा तुझाच हाय!" चौघांनी धरला तेव्हा कुठं थांबला.

गारा थांबल्यावर चेअरमन अर्जुनराव जीप घेऊन आला. कडब्याबद्दल अवाक्षर नाही. कुलूप फोडल्याची तक्रार मात्र त्यानं लगेच ठोकली.

ठाण्यात उत्तरेश्वर म्हणाला, "फोडलं. लिवा. अन् म्हातारीला फाटकावरून मी परत लावलं, ते बी लिवा."

हवालदार हसला. "त्याचं कलम न्हाई."

बारा वर्षं झाली. अर्जुनराव अजून चेअरमन आहे. उत्तरेश्वरनं आजवर एकही जनावर पाळलं नाही. तरी रोज संध्याकाळी तो कडब्याची एक पेंढी अंगणात ठेवतो. सकाळी तिथं काडीही नसते.

"मोकाट जनावर खात असंल," मी एकदा म्हणालो. "आज जागून बघू का?"

तो माझ्या अंगावर धावून आला.

"बघायला आता येतो व्हय! खाऊ दे की तिला!"

त्याच्या अंगणात मी त्यानंतर मुक्काम केलेला नाही.